‘आज किती फूट रे?’

ताई, नमस्कार.

आम्ही सांगलीत राहतो. माझा मोठा मुलगा आठवीत आहे. धाकटीमुळे घरात सगळे त्याला दादाच म्हणतात. सहाव्या वर्षी त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. बोलतो व्यवस्थित, मार्कही बरे पडतात. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत गेलेला नाही. रोज सहाला उठतो, गणवेश घालतो, डाव्या पायात बूट घालतो आणि उजवा बूट हातात धरून बसून राहतो. रिक्षाकाका दोनदा हॉर्न देतात आणि निघून जातात. पोट दुखतंय म्हणतो. मिरजेला दाखवलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल आहे.

२०१९ च्या पुरात आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं. तेव्हापासून त्याला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीचा नाद लागला. वर्गातली मुलं त्याला ‘आज किती फूट रे?’ विचारायची, हा सांगायचा. ती हसायला विचारतात, हे नंतर कळलं. आता त्याचं नावच ‘धोका पातळी’ पडलंय. कानाशी शिट्टी वाजवतात, कारण शिट्टी वाजली की हा कान झाकून खाली बसतो. रिक्षात एकाने त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. वर्गशिक्षक म्हणाले, ‘मुलं आहेत, चेष्टा चालायचीच. त्यालाही जरा घ्यायला शिकवा.’ मिस्टर म्हणतात, मी लाडावून ठेवलाय. सासरे, म्हणजे आण्णा, जुने पैलवान. ते म्हणतात, ‘मातीत उतरल्याबिगर अंग घट्ट हुत न्हाई, तालमीत धाडा त्याला.’

परवा दादा म्हणाला, ‘मी नसलो तरी वर्गाचा पट भरतोच.’ पूर्वी रोज सकाळी माझा चहा व्हायच्या आत पातळी सांगायचा. आता मी विचारली तरी सांगत नाही.

त्याला कणखर कसं करू? की सरळ शाळाच बदलू?

– एक आई, सांगली

नमस्कार.

आधी पोटाचं बोलू, कारण घरातलं निम्मं भांडण त्यावरून असणार. दादाचं पोट खरंच दुखतं. सोनोग्राफीत खडा दिसतो, गाठ दिसते, सूज दिसते. भीतीनं पोटात पडलेला पीळ दिसत नाही. रविवारी दुपारी दुखतं का, दिवाळीत दुखत होतं का, हे पत्रात नाही. पण उत्तर तुम्हाला माहीत असणार. आणि हा दांडी मारतोय असं कुणी म्हणत असेल, तर दांडी मारणारं पोर गणवेशात घराबाहेर पडतं आणि घाटावर सापडतं. हा तुमच्या डोळ्यांसमोर एक बूट घालून बसतो. रोज जायचा प्रयत्न करतो आणि रोज अर्ध्यावर अडतो. ‘जात नाही’ आणि ‘जाता येत नाही’ यातला फरक त्या उजव्या बुटात आहे.

दुसरी गोष्ट आजच करायची. ‘मी नसलो तरी पट भरतोच.’ कदाचित याचा अर्थ तेवढाच असेल. त्याला मोजायची सवय आहे आणि तो बोलतो ते शब्दशः असतं. पण अंदाजावर सोडू नका. शांत वेळ बघून सरळ विचारा, ‘नसलो म्हणजे शाळेत नसलो, की जगातच नसलो असं म्हणायचंय तुला?’ असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. असलेला असेल, तर तो बाहेर यायला वाट मिळते. उत्तरानं काळजात धस्स झालं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आभाळ कोसळल्यावरच फोन करायचा, असा काही नियम नाही.

आता पुलाकडे येते. पूर आला तेव्हा दादा सहा-सात वर्षांचा असणार. त्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. हे तर सांगलीत पोराटोरांना पाठ. त्या दिवसांत एका लहान मुलानं काय पाहिलं असेल? घरातली मोठी माणसं बावरलेली, वीज नाही, कुणी म्हणतंय चढतंय, कुणी म्हणतंय उतरतंय, सामान माळ्यावर टाकायचं की निघायचं यावर वाद. त्या सगळ्या गलक्यात एकच गोष्ट नेमकी बोलत होती, ती म्हणजे पुलावरचा आकडा. त्यानं तो पकडला तो अजून सोडलेला नाही. तुम्ही त्याला नाद म्हणता. मला तो त्यानं बुडत्या घरातून बरोबर आणलेला दोर वाटतो.

खरं सांगायचं तर ऑगस्टमध्ये अख्खी सांगली हेच करते. दूधवाला पातेल्यात दूध ओतता ओतता ‘किती झालं?’ म्हणतो आणि ‘कशाचं?’ असं कुणी विचारत नाही. दादा तेच बारा महिने करतो. शिवाय कोयना धरणाच्या १०५.२५ टीएमसीपैकी किती भरलंय आणि विसर्ग किती क्युसेकनं चाललाय, याचाही हिशेब त्याच्याकडे असणार. ऑटिझमला आपल्याकडे ‘स्वमग्नता’ म्हणतात, सरकारी कागदावरसुद्धा. मला हा शब्द कधी पटला नाही. हा मुलगा स्वतःत मग्न असता, तर कृष्णेच्या पाण्याची उठाठेव त्यानं कशाला केली असती?

मुलांनी हेच नेमकं हेरलं. ‘आज किती फूट रे?’ हा प्रश्न त्याला किती दिवस खरा वाटला असेल? आपल्या जिवाभावाच्या गोष्टीबद्दल कुणीतरी विचारतंय, रोज विचारतंय. उद्या विचारतील म्हणून त्यानं रात्रीच आकडा बघून ठेवला असेल. मग एके दिवशी उलगडा झाला. मैत्री वाटत होती ती मैत्री नव्हती, आणि हातातला दोरच शिवी झाला. म्हणून तो तुम्हालाही पातळी सांगत नाही. तुमच्या पत्रात शिट्टीपेक्षा आणि त्या व्हिडिओपेक्षाही मला हे जास्त लागलं.

वर्गशिक्षक याला चेष्टा म्हणाले. चेष्टा ‘बास’ म्हटल्यावर थांबते. चेष्टेत आज मी तुझी खेचली तर उद्या तू माझी खेचतोस. पाच-सहा जण मिळून एकाला, त्याला काय झोंबतं ते पक्कं ठाऊक असताना, रोज तेच करत असतील तर त्याला मराठीत छळ म्हणतात. हा शब्द एकदा वापरला की शाळेला काहीतरी करावं लागतं. म्हणून तो वापरायचा टाळतात.

आता आण्णांचं म्हणणं. ते हसण्यावारी नेऊ नका. हिंदकेसरी मारुती माने यांच्या जिल्ह्यातला जुना पैलवान आहे तो. अंग कसं घट्ट होतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून त्यांनाच विचारा. तालमीत नवं पोर आलं की वस्ताद त्याची जोड वजन बघून लावायचे, की सहा जण एकदम त्याच्या अंगावर सोडायचे? कुस्ती चालू असताना वस्ताद हौद्याच्या कडेला उभे असायचे, की चहाला जायचे? पाठ टेकल्यावर कुस्ती सुटायची, की खाली पडलेल्याला वरून तुडवायचे? आणि मातीचं विचारा. तासभर सांगतील. माती चाळून घ्यायची, खडा न् खडा वेचायचा, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळायची आणि रोज फावड्यानं उकरून भुसभुशीत करायची. एवढी मेहनत कशासाठी? पोर पडणार हे ठरलेलं असतं म्हणून. अंग घट्ट व्हायचं तर माती मऊ लागते. डांबरावर आपटून आपटून कुणी पैलवान झालेला आण्णांनी पाहिलाय का?

दादाच्या वर्गात जोड नाही, वस्ताद नाही, पंच नाही. खाली सगळं डांबर.

त्याला कणखर कसं करू, असं तुम्ही विचारता. जो मुलगा हे सगळं माहीत असून जूनपासून दिवाळीपर्यंत त्या वर्गात जाऊन बसला, तो मऊ आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? त्याची सोसायची ताकद संपलीय, आणि सोसणं वाढवणं म्हणजे कणखर करणं नव्हे. माणूस पडून पुन्हा उठतो तो बाजूला कुणी उभं असलं की, टेकायला एक जागा असली की, आपल्याला काहीतरी चांगलं येतं हे चार लोकांना दिसलं की. माती मऊ करायचं काम मोठ्यांचं असतं. ते पोराकडून करून घ्यायचं नसतं. (तालमीत घालायचं का? तो स्वतःहून म्हणाला तर जरूर. औषध म्हणून नको. घामाचा वास, अंगाला अंग, आरडाओरडा, हे सगळं त्याच्या अंगावर येईल की आवडेल, हे तोच सांगू शकेल.)

माझी एक चूक सांगते. मी कराडकडे शिकवत होते तेव्हाची, वीसेक वर्षांपूर्वीची. वर्गात एक मुलगा होता. स्टँडवरून सुटणाऱ्या सगळ्या एसट्यांच्या वेळा त्याला पाठ. मुलं मुद्दाम चुकीची वेळ म्हणायची, तो कळवळून दुरुस्त करायचा, वर्ग हसायचा. माझ्याकडे आला तेव्हा मी नेहमीचं औषध दिलं, ‘दुर्लक्ष कर.’ त्यानं माझं अक्षरशः ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून हजेरीला नाव पुकारलं तरी ‘हजर’ म्हणेना. कुणाकडेच लक्ष द्यायचं नाही असं बाईंनी सांगितलंय ना! मी त्यावरही त्याला ओरडले. ऑटिझम हा शब्द तेव्हा मला ठाऊक नव्हता, ही सबब आहे खरी, पण तो मुलगा नववीत शाळा सोडून गेला आणि पटावर त्याच्या नावापुढे ती रेघ मी माझ्या हातानं ओढली. तेव्हा ‘घ्यायला शिकवा’ म्हणणाऱ्या शिक्षकांवर मी फार ताशेरे ओढत नाही. मी त्यांच्या जागी बसून आलेय.

शाळेचा दिवस अशा मुलाला किती महाग पडतो, तेही घरच्यांना सांगायला हवं. परिपाठाचा स्पीकर, बाकांचं सरकणं, मधल्या सुट्टीत पन्नास डब्यांचा एकत्र वास, अचानक ऑफ तास आणि त्यातला दंगा. त्यात चेहरे वाचत राहायचे: हा हसला तो माझ्यावर की माझ्याबरोबर? हात हलवायची इच्छा झाली तरी दाबायची, कारण काल त्यावरून नक्कल झाली होती. पाच-सहा तास हे धरून ठेवायचं. घरी येऊन दप्तर फेकणं, धाकटीवर ओरडणं असलं काही होत असेल, तर तो त्याचाच हिशेब आहे. आपण म्हणतो, ऑटिस्टिक माणसांना दुसऱ्याचं मन कळत नाही. डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ही अडचण दोन्ही बाजूंची असते. त्याला इतरांचं कळत नाही, तितकंच इतरांना त्याचं कळत नाही. फक्त दोष एकाच्याच नावावर चढतो. दादाच्या वर्गात चाळीस-पन्नास मुलांना एका मुलाचं मन कळत नाही आणि शिकवणी मात्र त्या एकाला लावायची, असं चाललंय.

आता करायचं काय.

आज रात्रीपासून ‘उद्या जाशील ना?’ बंद. त्याला स्पष्ट सांगा, ‘या आठवड्यात शाळा नाही. पुढच्या सोमवारी आपण बसून ठरवू.’ आणि तो आठवडा खरोखर पाळा. बुधवारी ‘बघ, आज बरा दिसतोयस’ म्हणून बुटाकडे बघायचं नाही. त्याला धीर शब्दांतून मिळत नाही, ठरलेलं तसंच घडलं की मिळतो. मोबाइलवर दिवसभर लोळू द्या असं मी म्हणत नाही. उठायची, जेवायची, थोड्या अभ्यासाची वेळ शाळेसारखीच ठेवा. फक्त ती भीती मधून काढा.

मग माहिती गोळा करा, पण ‘का जात नाहीस?’ असं विचारून नव्हे. त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही, असलं तरी समोरासमोर निघणार नाही. त्याला शाळेचा नकाशा काढायला द्या: फाटक, जिना, वर्ग, संडास, नळ, मैदान, आणि हो, रिक्षा. मग हिरवा, पिवळा, लाल रंग. शेजारी बसा, त्याच्याकडे न बघता भाजी निवडत. मला आधी मोह झाला होता की जागांवर रंगांऐवजी फूट लिहायला सांगावं, त्याच्याच भाषेत होईल. नको. तो आकडा आत्ता दुखरा आहे, आपण त्याला हात लावायचा नाही. असे नकाशे मी बरेच पाहिलेत. आईवडिलांना वाटतं गणिताचा तास लाल असेल, निघतो संडास. दादाच्या नकाशात रिक्षा लालभडक निघाली तर मला नवल वाटणार नाही. दहा पोरं, अर्धा तास, आणि एकुलत्या मोठ्या माणसाचे डोळे रस्त्यावर. तसं निघालं तर पहिला बदल त्याच्या बाबांच्या हातात आहे. सकाळी गाडीवर सोडायचं. लाड म्हणतात ना ते, मग हा लाड त्यांनी करावा.

शाळेत तोंडी तक्रार पुरे झाली. मुख्याध्यापकांच्या नावे पत्र लिहा, काय झालं, कधी झालं, कुठे झालं, आणि पोच घ्या. भेटायला दोघं जा. आई एकटी गेली की ती ‘जरा जास्तच काळजी करणारी’ असते, दोघं गेले की पालक असतात. हे बरोबर नाही, पण असंच आहे. ‘लक्ष ठेवा’ असं सांगून परत येऊ नका, त्याचा अर्थ काहीच होत नाही. नेमकं मागा. व्हिडिओ ज्यांच्या ज्यांच्या फोनवर गेलाय त्यांच्या पालकांना बोलावून तो पुसून घ्यायचा. मधल्या सुट्टीत त्याला बसायला वाचनालय किंवा प्रयोगशाळा, जिथे एक तरी शिक्षक असतात. दंगा सहन होईना झाला तर न विचारता वर्गाबाहेर जायची मुभा, त्यासाठी वहीत ठेवायचं एक कार्ड. परिपाठाला स्पीकरपासून लांब उभं राहायची परवानगी. आणि एक माणूस, एकच, ज्याच्याकडे तो जाऊ शकतो. शिक्षकच हवेत असं नाही. काही शाळांत शिपाईमामा हे काम सगळ्यांत चांगलं करतात. शाळेची तक्रारपेटी आहे का, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती कधी बसते, हेही सहज विचारून या. विचारल्यानं कधीकधी बसते.

दोन गोष्टींना मात्र हात जोडून नाही म्हणा. एक, सगळ्यांसमोर ‘सॉरी म्हण, हात मिळव’ हा कार्यक्रम. त्यात खरी शिक्षा दादालाच होते. दुसरं, परिपाठात त्याला उभं करून ऑटिझमवर भाषण. वर्गाला काही सांगायचं असेल तर काय सांगायचं आणि आपण तेव्हा तिथे असायचं का, हे तो ठरवेल. त्रास देणाऱ्या मुलांशी शिक्षकांनी एकेकट्याला घेऊन बोलावं. टोळीत दांडगाई करणारा तेरा वर्षांचा मुलगा एकटा सापडला की बऱ्याचदा साधाच असतो. आणि जे नुसते बघून हसत होते, त्यांच्याकडे आधी जावं. प्रेक्षक उठून गेले की असले खेळ चालत नाहीत.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, तो खिशात ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यांत ऑटिझम आहे. भेदभाव न करता शिकवणं आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून देणं हे शाळेचं कर्तव्य आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं हा त्याच कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे. तेरा वर्षांच्या पोरांवर हे कलम उगारा असं मी सांगणार नाही. पण ‘चेष्टा चालायचीच’ म्हणणाऱ्या मोठ्यांना ते माहीत असलेलं बरं. शिक्षण हक्क कायद्यानं आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला त्याचं नाव काढून टाकता येत नाही. मात्र आठवीला आता वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं, नाहीतर पुन्हा परीक्षा. तेव्हा घरी अभ्यास पाठवायची व्यवस्था शाळेकडून आत्ताच लिहून घ्या. तालुक्याच्या गट संसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना गाठा. शाळेशी बोलताना असं एखादं खात्यातलं माणूस बरोबर असलं की सूर बदलतो.

दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का? पत्रात उल्लेख नाही. पुष्कळ घरांत ‘शिक्का बसेल’ म्हणून काढत नाहीत. शिक्का तर वर्गानं मारलाच आहे, कागदाविना. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सिव्हिलला होते. ४० टक्के किंवा जास्त निघालं तर बऱ्याच सवलती लागू होतात. दहावीला जादा वेळ, लेखनिक. दोन वर्षांनी धावपळ करण्यापेक्षा आत्ता करा.

परत जायचं ते पायरी पायरीनं. पहिल्या दिवशी सगळे गेल्यावर, संध्याकाळी, रिकाम्या शाळेत नुसतं जाऊन यायचं. मग एकच तास, त्याच्या आवडीचा. मग मधल्या सुट्टीपर्यंत. सोमवारी सुरुवात नको, गुरुवारी करा; दोन दिवसांत सुट्टी येते. जितका वेळ ठरलाय तितकाच, तो मजेत दिसला तरी ‘आता थांबच’ म्हणायचं नाही. एखाद्या दिवशी पुन्हा बूट हातात राहिला तर बूट जागेवर ठेवायचा आणि नाश्ता करायचा. दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवरून पुढे. या सगळ्याला महिने लागतात, आठवडे नाही. मिस्टरांना हे आधीच सांगून ठेवा.

शाळा बदलायची का? लेखी पत्रानंतर महिनाभरात त्या नेमक्या गोष्टींपैकी काहीही झालं नाही, किंवा मुख्याध्यापकांनीच पुन्हा ‘त्याला घ्यायला शिकवा’ म्हटलं, तर बदला आणि मागे वळून बघू नका. पण आधी दादाला विचारा. नवी शाळा म्हणजे नवे जिने, नवे आवाज, नवे पन्नास चेहरे. काही मुलांना जुना लाल रंगही नव्या पांढऱ्यापेक्षा परवडतो. आणि नवीन शाळेत त्याच्याबद्दल कुणाला किती सांगायचं, हेही त्याच्याशी बोलूनच.

राहिले आण्णा. त्यांना नातवासाठी काहीतरी करायचंय, म्हणून ते तालीम म्हणतायत. त्यांच्याकडे तेवढंच आहे द्यायला. त्यांना दुसरं काम द्या. रोज संध्याकाळी, पोरं क्लासला गेलेली असतात त्या वेळेला, दोघांनी आयर्विनवर चालत जायचं. थंडीत पाणी खाली गेलेलं असतं, पातळीची बातमी कुठे येत नाही, पुलावरही कुणी थांबून खाली बघत नाही. दोघांनी कठड्याला टेकून उभं राहायचं, येताना भडंग घ्यायचं. आण्णांना बोलायची हौस असेल तर हौद्यातली माती कशी मळायची ते सांगावं. किती पाट्या माती, किती डबे तेल, दादाला हिशेब आवडेल. पण पातळी विचारायची नाही, हे त्यांना दोनदा बजावा. दादानं खाली बघून काही पुटपुटलं तरी ‘काय म्हणालास?’ करायचं नाही. तो आकडा आपणहून मोठ्यानं सांगेल त्या दिवशी मला दोन ओळी लिहा, आणि तो आकडाही लिहा.